नाशिकहून एडमंटनला राहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, तर कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन साडेत्रेपन्न अंशांवर. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला म्हणून गंगापूर रोड, सिडको, देवळाली, ओझर अशा सगळ्या भागांतून माणसं तिकडे जातात. जाण्याआधी घराघरांत जे प्रश्न निघतात, त्यांची ही उत्तरं. व्हिसाच्या कागदपत्रांचा विषय इथे घेतलेला नाही. तिथे पोहोचल्यावर रोजचं जगणं कसं असतं, एवढंच पाहू.

निफाडला पारा पाच-सहावर येतो तेव्हाही आम्ही सकाळी फिरायला जातो. एडमंटनची थंडी अशी कितीशी वेगळी असणार?

आकड्यांनी सांगायचं तर जानेवारीत तिथलं दिवसरात्रीचं सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास असतं. रात्री उणे पंधरा-वीस नेहमीचंच, आणि बहुतेक हिवाळ्यांत उणे तीसच्या एक-दोन लाटा येतात. आठवडाभर मुक्काम ठोकून मग त्या ओसरतात.

खरा फरक मात्र आकड्यापेक्षा मुदतीचा आहे. निफाडची थंडी पहाटेची असते. द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, पण दहा वाजता ऊन आलं की स्वेटर काढावा लागतो. एडमंटनला नोव्हेंबरात पडलेला बर्फ मार्चअखेरपर्यंत अंगणात असतो, कधी एप्रिलातही. आठवडेच्या आठवडे दुपारीसुद्धा पारा शून्याच्या वर येत नाही.

उलट घरात नाशिकपेक्षा ऊब जास्त. जानेवारीत नाशिकच्या सिमेंटच्या घरात पहाटे पंधरा-सोळा अंश असतात आणि लादीवर पाय ठेववत नाही. तिथे घर, ऑफिस, बस, दुकान सगळीकडे वीस-एकवीस अंश. थंडी फक्त दारापासून गाडीपर्यंत आणि स्टॉपवर भेटते. म्हणून ‘थंडी सोसणार का?’ हा प्रश्न आमच्या मते चुकीच्या जागी जोर देतो. माणसं थकतात ती कोरडेपणाने, अंधाराने, निसरड्या फुटपाथने आणि ‘हे संपत कसं नाही’ या भावनेने.

अंदाजात तापमान वेगळं आणि ‘विंड चिल’ वेगळं दाखवतात. बघायचं कोणतं?

अंगासाठी विंड चिल, गाडीसाठी तापमान. वारा त्वचेलगतची गरम हवा उडवून नेतो, त्यामुळे उघडं अंग जास्त वेगाने गार पडतं. पारा उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर विंड चिल उणे ३३ भरतं. उणे २८ ते उणे ३९ विंड चिलमध्ये उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते उणे ४७ मध्ये पाच ते दहा मिनिटांत. बस वीस मिनिटांनी असेल तर हा हिशोब कामाला येतो.

इंजिन किंवा नळाचा पाइप मात्र वाऱ्यामुळे हवेच्या तापमानापेक्षा खाली जात नाही. फक्त तिथवर लवकर पोहोचतो.

गरम कपडे नाशिकहून घ्यायचे की तिथे?

आतले इथून, बाहेरचे तिथून. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधले स्वेटर वाईट नाहीत, पण त्यांची जागा मधल्या थरात. बाहेरचं जॅकेट आणि बूट इथून नेऊ नका. आपल्याकडे ‘विंटर जॅकेट’ म्हणून मिळतं ते बहुधा शून्य-पाच अंशांसाठीचं असतं. लेदर जॅकेट तर फक्त फोटोपुरतं.

थर तीन लागतात. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ओला कपडा अंगातली उष्णता ओढतो. बस पकडायला धावलात आणि मग दहा मिनिटं उभे राहिलात, की पाठीवरचा ओला बनियन काय करतो ते कळतं. दुसरा थर फ्लीस किंवा लोकरीचा. तिसरा म्हणजे वारा अडवणारा, मांडीपर्यंत येणारा, टोपीवाला पार्का. मांड्या सगळे विसरतात. जीन्समधून वारा सरळ आत येतो, म्हणून आत थर्मल पॅन्ट हवीच. साडी नेसणाऱ्यांनी परकराखाली लोकरी लेगिंग्ज घालाव्यात आणि निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशा बेताने नेसावं. बर्फात भिजलेला काठ गाडीत वितळतो आणि बाहेर पडलं की पुन्हा कडक होतो.

बूट घेताना जाड मोजा घालूनच माप बघा. आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त खेळत नाही आणि पाय जास्त गार पडतात. ही चूक नव्या माणसांत सर्रास दिसते. हातांसाठी पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे मिटन्स उबदार. आत पातळ ग्लोव्हज घातले तर चावी-मोबाइलसाठी हात पूर्ण उघडा करावा लागत नाही.

नवा चांगला पार्का साधारण २०० ते ४०० डॉलर, बूट १०० ते २००. जुन्या कपड्यांच्या दुकानांत हेच निम्म्याहून कमीत मिळतं आणि त्यात कमीपणा काही नाही. मुलांसाठी तर तेच घ्यावं, पुढच्या वर्षी बसणार नाहीच.

दागिने, चष्मा, मोबाइल यांचं काय?

कानातले, चमकी, बांगड्या हा धातू त्वचेतली उष्णता ओढतो. कान झाकलेले असतील तर प्रश्न नाही. चष्म्यावर आत आल्याबरोबर वाफ धरते, दोन मिनिटं थांबावं. मोबाइल आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी ४० टक्के दाखवत असतानाही फोन बंद पडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पेन गाडीत ठेवू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरण्याजोगं राहत नाही.

घर गरम कसं राहतं? आपल्याला काय बघावं लागतं?

बहुतेक घरांत तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस असते. ती हवा गरम करून जमिनीतल्या झरोक्यांतून खोल्यांत सोडते. त्या झरोक्यांवर सोफा किंवा गादी टाकू नका. फिल्टर दर महिन्याला बघा आणि एक ते तीन महिन्यांत बदला. फिल्टर तुंबला की हवा कमी जाते, फर्नेस आतून जास्त तापते आणि स्वतःच बंद पडते. उणे तीसच्या रात्री बंद पडण्यामागे कधी घराबाहेरच्या भिंतीतून निघणारे पांढरे प्लास्टिकचे पाइप असतात. त्यातून फर्नेस हवा घेते आणि धूर सोडते. त्यांच्या तोंडाशी बर्फ साचला की यंत्र थांबतं. मेकॅनिकला बोलावण्याआधी बाहेर जाऊन ते पाइप मोकळे आहेत का पाहा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ असलाच पाहिजे. या वायूला वास नसतो. भाड्याच्या घरात पहिल्याच दिवशी बटण दाबून तो वाजतो का बघा.

आता कोरडेपणा. बाहेरची अतिथंड हवा मुळात बाष्प धरत नाही, ती आत येऊन गरम झाली की आर्द्रता फार खाली जाते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, टाचांना भेगा पडतात, दाराच्या मुठीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. ह्युमिडिफायर लावावा, पण बेताने. बाहेर उणे दहा-पंधरा असताना घरात ३० ते ३५ टक्के ठीक. उणे तीसला १५ ते २० टक्क्यांवर आणावं लागतं. जास्त ठेवलं तर बाष्प थंड काचेवर जमतं, चौकटीत बर्फ धरतो आणि वितळल्यावर लाकडाला बुरशी येते. आपल्या घरांत ही चूक जास्त होते, कारण कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा आणि स्टँडवर वाळत घातलेले कपडे हे सगळं बाष्पच.

फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो म्हणे?

वाजतो. चुलीवरचा पंखा बाहेर हवा सोडणारा आहे की नुसती जाळीतून फिरवून घरातच सोडणारा, हे घर बघतानाच विचारा. दुसऱ्या प्रकारात मिरचीचा ठसका बेडरूमपर्यंत जातो, पार्क्यात बसतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुमच्याआधी पोहोचतो. पार्का कपाटात, दार लावून ठेवा. अलार्म काढून ठेवणं हा उपाय नव्हे.

इडलीचं पीठ एकवीस अंशांच्या ओट्यावर रात्रभरात फुगत नाही. ओव्हन चालू न करता फक्त आतला दिवा लावून पातेलं आत ठेवा, बारा ते सोळा तास द्या. दह्यालाही हीच युक्ती, सहा ते आठ तास. ओव्हनच्या दारावर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कोणीतरी तो २०० अंशांवर लावणार. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते हिवाळाभर गोठलेलंच राहतं. तुळस दक्षिणेच्या खिडकीत ठेवून झाडांचा दिवा लावला तर तग धरते. काचेला पान टेकलं की ते काळं पडतं.

गाडी घ्यायची आहे. काय काय लागतं?

पहिली गोष्ट ब्लॉक हीटर. इंजिनात बसवलेला हा साधारण ४०० ते ६०० वॅटचा हीटर असतो आणि त्याची वायर बोनेटच्या पुढून लोंबते. उणे पंधरा-वीसच्या खाली जाणार असेल तर गाडी सुरू करण्याआधी तीन-चार तास ती प्लगला लावायची. रात्रभर लावून फक्त बिल वाढतं, म्हणून बाहेर चालणारा टायमर घ्या. भाड्याचं घर बघताना ‘पार्किंगला प्लग आहे का?’ हे भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे. आणि सकाळी निघताना वायर काढायला विसरू नका!

दुसरी बॅटरी. उणे अठराच्या सुमारास तिची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. चार-पाच वर्षं जुनी बॅटरी असेल तर ऑक्टोबरातच तपासून घ्या. इंजिनाचं तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या यादीतलं, थंडीत पातळ राहणारं ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचं. काच धुण्याचं पाणी उणे ४० लिहिलेलं. उन्हाळ्याचं पाणी टाकीत राहिलं तर ते गोठून पंप जातो.

तिसरी गोष्ट टायर. अल्बर्टात हिवाळी टायर सक्तीचे नाहीत, पण सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असं चिन्ह असलेले चार टायर घ्या. दोनच बदलले तर गाडीचं एक टोक रस्ता धरतं आणि दुसरं सुटतं. दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला हवा साधारण एक पीएसआय कमी होते, म्हणून थंडीची लाट आली की दाब तपासा.

काचेवरचा बर्फ खरवडूनच काढायचा. गरम पाणी ओतलं की काच तडकते. टपावरचाही बर्फ झाडा, नाहीतर ब्रेक मारल्यावर तो सगळा पुढच्या काचेवर येतो. गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून गरम करू नका, शटर वर असलं तरी. महामार्गावर अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. धुराचा पाइप बर्फातून मोकळा करा आणि मगच थोडा थोडा वेळ इंजिन चालवा. डिकीत फावडं, ब्लँकेट, जम्पर केबल, टॉर्च आणि वाळूची पिशवी असावी. टाकी अर्ध्याखाली नको.

चालवताना सर्वांत फसवा पारा म्हणजे शून्य ते उणे पाच. सिग्नलपाशी गाड्यांच्या चाकांनी बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. द्वारका सर्कलला सिग्नल सुटता सुटता घुसायची सवय नाशिकलाच ठेवून जावी.

चालताना पडायला होतं का?

होतं, आणि मनगट किंवा माकडहाड दुखावतं. पावलं छोटी, तळवा सपाट, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, मोठ्या माणसांना ते घेऊनच द्या. मात्र मॉलच्या फरशीवर ते उलट घसरतात, दाराशी काढायचे. घरापुढचा फुटपाथ साफ करणं ही घरमालकाची जबाबदारी असते आणि न केल्यास दंड होतो. भाडेकरार करताना हे काम कोणाकडे, ते लिहून घ्या. फुटपाथवर टाकायला महापालिकेची वाळू ठरलेल्या पेट्यांतून फुकट मिळते.

बोटं बधिर झाली तर काय करायचं?

आत जा, अंगठ्या काढा. त्वचा पांढरट, मेणासारखी, कडक झाली आणि संवेदना गेली तर ती गोठायला लागली आहे. सावळ्या रंगावर हे राखाडी दिसतं आणि सहज नजरेतून सुटतं, म्हणून रंगापेक्षा बधिरपणावर भरवसा ठेवा. चोळू नका, बर्फ लावू नका, शेगडीजवळ धरू नका. बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पंधरा ते तीस मिनिटं बुडवा. ऊब परतताना आग होते, ते अपेक्षित आहे. फोड आले किंवा संवेदना परतली नाही तर दवाखाना. अल्बर्टात ८११ वर नर्सचा सल्ला मिळतो, आणीबाणीला ९११.

कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला, बरळायला लागला, पावलं अडखळू लागली तर ९११ लगेच. कुडकुडणं थांबणं हे सुधारण्याचं लक्षण नाही.

अंधाराचा त्रास खरंच होतो का?

२१ डिसेंबरला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. जेमतेम साडेसात तासांचा दिवस. नाशिकला त्याच दिवशी जवळपास अकरा तास उजेड असतो. ऑफिसला अंधारात जाणं आणि अंधारात येणं, असं दोन-अडीच महिने चालतं. झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, फोन करायचा कंटाळा येतो. घरचे नाशिकहून ‘बोलत का नाहीस नीट?’ विचारतात, त्यातलं बरंचसं कारण हे असतं.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. सकाळी उठल्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर वीस-तीस मिनिटं (डोळ्यांचा किंवा तीव्र मनोविकाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारून). जेवणाच्या सुट्टीत बाहेर पंधरा मिनिटं. ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने. आठवड्यातून एक ठरलेली भेट, घराबाहेर. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर दिवा पुरणार नाही, डॉक्टरांकडे जा.

लहान मुलांना झेपतं?

मोठ्यांपेक्षा लवकर. शाळा थंडीसाठी सहसा बंद होत नाही, फक्त कडाक्याच्या दिवशी मधली सुट्टी आत होते. स्नो पॅन्ट, बूट, दोन जोड मिटन्स रोज लागतात आणि सगळ्यावर नाव घालावं लागतं. मफलरऐवजी गळ्यात चढवायचा नेक वॉर्मर द्या, मफलर घसरगुंडीत अडकतो. गाडीतल्या सीटवर जाड जॅकेट घालून पट्टा बांधू नका. अपघातात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढून पट्टा आवळा, मग वरून पांघरूण. आणि लोखंडी खांबाला जीभ लावायची नसते, हे आधीच सांगून ठेवा.

आई-बाबांना कधी बोलवावं?

मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात आलेले आई-बाबा चार भिंतींत अडकतात. बस स्टॉपपर्यंतचं अंतरही त्यांना धोक्याचं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. हिवाळ्यातच यावं लागलं तर एलआरटी (शहरातली हलकी रेल्वे) स्टेशनजवळचं घर बघा. गर्दी नको असेल तर सकाळी मॉलमध्ये फेऱ्या मारता येतात, वेस्ट एडमंटन मॉल त्यासाठी पुरेसा अवाढव्य आहे. दमा असेल तर नाकातोंडावर कापड घेऊनच बाहेर. हृदयरोग्याने फावड्याला हात लावू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना ओला बर्फ उचलणं हा हृदयावरचा मोठा ताण आहे. प्रवासाआधी आरोग्य विमा घ्या आणि दातांची कामं नाशिकलाच उरकून या.

एवढं सगळं सोसून मिळतं काय?

बरंच. जून अखेरीस सूर्य सकाळी पाचला उगवून रात्री दहानंतर मावळतो. तापमान वीस-पंचवीस, घाम नाही, आणि नॉर्थ सास्काचेवान नदीच्या काठाने मैलोन् मैल झाडीतल्या पायवाटा. हिवाळ्यातही आकाश बहुतेक निळं असतं. व्हँकुव्हरला उणे तीस नाही, पण महिनोन् महिने ढग आणि पाऊस आहे. आमचा कौल उन्हासकट उणे पंधराला. कोरड्या थंडीत कपडे नीट असतील तर तासभर सहज चालता येतं. आकाश स्वच्छ असेल तर काही रात्री शहराबाहेर उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. रॉकी पर्वतातलं जॅस्पर चार तासांवर. विक्रीकर फक्त केंद्राचा ५ टक्के, प्रांताचा वेगळा नाही. घरभाडं टोरांटो-व्हँकुव्हरपेक्षा कमी.

उन्हाळ्याच्याही तक्रारी आहेत. जूनमध्ये डास, आणि हल्ली जंगलांच्या वणव्यांचा धूर. २०२४ मध्ये वणव्यात जॅस्परचा बराच भाग जळाला. धुराच्या दिवसांत फर्नेसचा पंखा चांगल्या फिल्टरसह चालू ठेवतात. एसी नसलेली घरं पुष्कळ आहेत. वसंतात रस्त्यांवर खड्डे पडतात, कारण फटीत शिरलेलं पाणी रोज रात्री गोठून फुगतं आणि दिवसा वितळतं. नाशिककरांना यात शिकण्यासारखं नवीन काही नाही.

कोणत्या महिन्यात पोहोचावं?

जमलं तर मे किंवा जूनमध्ये. घर, नोकरी, वाहन परवाना ही पायपीट कोरड्या रस्त्यांवर होते आणि शरीराला हळूहळू सवय लागते. विद्यार्थी ऑगस्टअखेर येतात, तेही ठीक, फक्त पार्का दिवाळीची वाट न पाहता घ्या. जानेवारीत उतरायचं असेल तर विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला जॅकेट आणि टोपी घेऊन यायला सांगा.

सणवार?

गणपतीच्या वेळी हवा छान असते, पण नदीत विसर्जन नाही. शाडूची मूर्ती घरी बादलीत. दिवाळीतली रात्र नाशिकपेक्षा लांब असते, त्यामुळे आकाशकंदील जितका वेळ तिथे उजळतो तितका नाशिकलाही नाही. मुलांनी बर्फाचा किल्ला केला तर तो तुळशीच्या लग्नानंतरही टिकतो. संक्रांतीला तिळगूळ घरात, पतंग उन्हाळ्यात.

डिसेंबरात महिनाभर नाशिकला यायचं आहे. घर कसं सोडायचं?

हीटिंग बंद करू नका, थर्मोस्टॅट साधारण १५ अंशांवर ठेवा. घरात येणारा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडा, पाइपातलं पाणी जाऊ द्या. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे ऊब पाइपांपर्यंत जाते. अपार्टमेंटमध्ये व्हॉल्व्हला हात लावण्याआधी व्यवस्थापकाला विचारा. कोणाला तरी चावी द्या आणि नियमित चक्कर मारायला सांगा. हिवाळ्यात घर रिकामं असताना किती दिवसांनी कोणी बघायला हवं, हे विम्याच्या करारात लिहिलेलं असतं. ते पाळलं नाही तर फुटलेल्या पाइपाचं नुकसान कंपनी नाकारू शकते. चक्कर मारणाऱ्याने प्रत्येक वेळी थर्मोस्टॅटचा तारखेसह फोटो काढून तुम्हाला पाठवावा.